डिझेल वाढलं, भाडं तिथंच: दहा चाकी ठेवू की विकू?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका तरुण गाडीवाल्याचा प्रश्न आहे. स्वतःची एकच दहा चाकी, साध्या हौद्याची. बहुतेक वेळा स्वतःच चालवतो. हप्ता महिन्याला ४८,००० रुपये, अजून तीन वर्षं बाकी. गेल्या वर्षी महिन्याला सहा हजार किलोमीटर पडायचे, आता चार हजारांवर आलेत. डिझेल चढतंय, भाडं वाढत नाही, ट्रान्सपोर्टर म्हणतो "परवडत नसेल तर दुसरी गाडी लावतो." गाडी विकू का? की बंद पडलेल्या लोहखनिजाच्या खाणी परत सुरू होतायत, तर ही देऊन टिपर घेऊ?

मी डिचोली तालुक्यातला. तीस वर्षं या धंद्यात आहे. अर्धी वर्षं खाणीवर गेली, अर्धी बेळगाव, कोल्हापूर, पुण्याच्या रस्त्यावर. दोनदा पार बसलो आणि दोनदा उठलो, त्या अनुभवावरून लिहितोय. तुला 'तू' म्हणतो, राग मानू नकोस.

आधी वही काढ. मोबाइलवर चालेल, पण मी कागदावरच लिहितो, कारण कागद बायकोला दिसतो आणि ती विचारते. तू आकडे दिलेस म्हणून तुझ्याच गाडीचा हिशेब मांडतो. जे दिले नाहीस ते अंदाजाने धरलेत, तुझे खरे घाल.

गाडी हलली नाही तरी दर महिन्याला जाणारा पैसा असा: हप्ता ४८,०००. तुझा स्वतःचा पगार २२,०००. हा लिहायचाच, स्वतः चालवतो म्हणून ड्रायव्हर फुकट, असं समजणारे गाडीवाले शेवटी स्वतःचं घर गाडीत घालतात. विमा वर्षाला ७२,००० धरला तर महिना ६,०००. टॅक्स, फिटनेस, परमिट मिळून ३,०००. फोन, पार्किंग, किरकोळ ३,०००. बेरीज ८२,०००.

आता गाडी चालली की किलोमीटरमागे जाणारा पैसा. तुझं अ‍ॅव्हरेज लिटरला चार किलोमीटरचं आहे. डिझेल ९० रुपये धरलं तर किलोमीटरला साडेबावीस. दहा टायर दोन लाखांचे, सत्तर हजार किलोमीटर चालले तर जवळजवळ ३ रुपये. ऑइल, ब्रेक, क्लच, मेस्त (मेकॅनिक) यांचे अडीच. गाडी बीएस-सहा, धुराच्या नव्या नियमांची आहे, म्हणजे धूर साफ करायला युरिया लागतो, त्याचा अर्धा रुपया. टोल रस्त्यावर अवलंबून, ३ धरू. एकूण साडेएकतीस.

आता बघ. महिन्याला सहा हजार किलोमीटर पडतात तेव्हा ते ८२,००० प्रत्येक किलोमीटरवर साधारण पावणेचौदा रुपये बसतात. एकूण खर्च ४५ रुपयांच्या आसपास. चार हजारच पडले की तेच ८२,००० किलोमीटरला साडेवीस होतात आणि एकूण खर्च ५२ वर जातो. किलोमीटरमागे जवळजवळ सात रुपयांचा फरक.

आणि डिझेल पाच रुपयांनी वाढलं तर? पाच भागिले चार, सव्वा रुपया.

तुझं दुखणं कुठे आहे ते यात दिसतं. दोन हजार किलोमीटर कमी झाल्याने तुला जेवढा फटका बसलाय, तेवढा फटका डिझेलने द्यायचा तर ते लिटरला सत्तावीस रुपयांनी वाढावं लागेल. पंपाचा बोर्ड रोज डोळ्यांसमोर असतो, म्हणून आपण सगळे त्यालाच शिव्या देतो. उभ्या गाडीचा बोर्ड कुठे लागत नाही. डिझेल क्षुल्लक आहे असं मी म्हणत नाही, चालत्या खर्चात दोनतृतीयांशाहून जास्त तेच आहे. पण तुझी गाडी डिझेलमुळे बुडत नाहीये. ती उभी राहून, रिकामी धावून आणि उधारीत अडकून बुडतेय. इलाज त्याच क्रमाने करायला हवा.

उभी गाडी म्हणजे किती? ८२,००० ला महिन्याच्या २६ कामाच्या दिवसांनी भाग. दिवसाला तीन हजार एकशेपन्नास. हा आकडा पाठ कर. वेर्ण्याच्या किंवा कुंडईच्या कारखान्यांच्या गेटवर माल भरायला दीड दिवस लावतात ना, तेव्हा तुझ्या खिशातून पावणेपाच हजार जातात. म्हणून भाडं ठरवताना थांब्याचे पैसे आधीच बोलायचे: चोवीस तास माफ, पुढे दिवसाला इतके, आणि गेटवर कधी आलास त्याचा फोटो वेळेसकट त्याच क्षणी पाठवायचा. सगळे देणार नाहीत. निम्म्यांनी दिले तरी चालेल, आणि उरलेले निदान तुझी गाडी लवकर भरतात.

परतीच्या मालाबद्दल लोक उगाच गुंता करतात. पाचशे किलोमीटरवरून रिकामी आलास, अ‍ॅव्हरेज साडेपाचचं मिळालं, तर ९१ लिटर लागतात, म्हणजे ८,२०० रुपये. भरलेली आणलीस तर १२५ लिटर, ११,२५०. फरक तीन हजारांचा. दलाली आणि हमालीचे दीड हजार धर. समज, परतीचं भाडं चौदा हजार मिळतंय पण माल आज तयार नाही. एक दिवस थांबलास तर सव्वासहा हजारांच्या आसपास उरतात, दोन दिवस थांबलास तर तीन हजार, तिसऱ्या दिवशी शून्य. मी दोन रात्रींच्या वर थांबत नाही. पण थांबायचंच नाही, रिकामी पळवायची, हीसुद्धा घमेंड आहे. माझ्या ओळखीचे दोघे "आम्ही स्वस्त माल उचलत नाही" म्हणत रिकामे येत राहिले आणि गाड्या ओढून नेल्यावर गप्प झाले.

मात्र एक गोष्ट सोडायची नाही. जाण्याचं भाडं ठरवताना परतीचा भरवसा धरू नकोस. जाणाऱ्या भाड्यात निदान येण्याचं डिझेल आणि टोल बसलेच पाहिजेत. परतीचा माल मिळाला तर तो तुझा नफा. ट्रान्सपोर्टर नेमका उलटा हिशेब तुझ्या गळी उतरवतो: "येताना मिळेलच की तुला."

गोव्यातून काय जातं आणि काय येतं याचा विचार कर. आपल्याकडे खायला-बांधायला लागणारं बरंच काही बाहेरून येतं, म्हणून येणारा माल जास्त आणि जाणारा कमी, असं बाहेरच्या गाडीवाल्यांचं रडगाणं असतं. आपण गोव्यातले, आपल्याला हे उलटं पडतं: आपली परतीची गाडी भरण्याची शक्यता चांगली. कोल्हापूरकडची साखर, जालन्याची सळई, बागलकोटकडचं सिमेंट, बेळगावची भाजी. जाताना औषधं, बियर-दारूचे खोके, भंगार. कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांना भंगार आणि बीड (कच्चं लोखंड) लागतंच. भाजी मी आता उचलत नाही. चोर्ला घाटात गाडी बंद पडली की कोथिंबीर तुझी वाट बघत नाही. पण तुझ्या वयात मी तीच वाहिली आणि तिनेच मला २०१३ साली जेवायला घातलं.

ती गोष्ट सांगतो, कारण तुझ्या टिपरच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यातच आहे.

खाण जोरात होती तेव्हा माझ्याकडे तीन सहा चाकी टिपर होते, दोन कर्जावर. घरातून दिसणाऱ्या रस्त्यावर चोवीस तास लाल धूळ. खाणीवरून जेटीवर, जेटीवरून खाणीवर. किलोमीटर थोडे, फेऱ्या भरपूर, पैसे टनावर. पावसाचे चार महिने सोडले तर बसायला वेळ नव्हता. कोणी कोल्हापूरचं भाडं विचारलं तर मी हसायचो. सप्टेंबर २०१२ मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल संसदेत आला, १० तारखेला राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. आम्हाला वाटलं चवथीपर्यंत सुटेल, मग वाटलं दिवाळीपर्यंत. बंदी एप्रिल २०१४ मध्ये उठली, तीही वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेसह. आणि ७ फेब्रुवारी २०१८ ला न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं, मार्चच्या मध्यावर पुन्हा सगळं बंद.

पहिल्या बंदीत मला कोणी डिझेलने मारलं नाही. डिझेल लागलंच नाही. तिन्ही गाड्या आंब्याखाली उभ्या, चाकांखाली गवत वाढलेलं, बॅटऱ्या मेलेल्या. विकायला काढल्या तर गिऱ्हाईक नाही, कारण सगळ्या तालुक्यालाच टिपर विकायचे होते. दोन जवळजवळ भंगाराच्या भावात गेले. कर्जाचं उरलेलं डोक्यावर राहिलं, बायकोचे दागिने गेले. तिसऱ्या गाडीचा टिपरचा हौदा उतरवून साधा हौदा बसवला, आरटीओत नोंद बदलली आणि बेळगाव धरलं. एकच गिऱ्हाईक, एकच माल, एकच रस्ता आणि एकाच कामाची गाडी. चारही अंडी एका टोपलीत होती. त्यातली गाडी बदलता आली म्हणून वाचलो.

आता खाणी परत सुरू होतायत, हे खरं. २०२२ च्या अखेरीपासून पट्ट्यांचे लिलाव झाले, डिचोलीच्या पट्ट्याचं काम आधी सुरू झालं. गावात लोक पुन्हा टिपरची चौकशी करतायत. तुझी साध्या हौद्याची दहा चाकी देऊन टिपर घेणं म्हणजे दहा गिऱ्हाइकांना लागणारी गाडी देऊन दोन गिऱ्हाइकांना लागणारी गाडी घेणं. टिपरला परतीचा माल नाही. पावसात जवळजवळ काम नाही. घेऊ नकोस. कर्ज नसतं, गाडी पूर्ण तुझी असती, तर कदाचित वेगळं बोललो असतो.

तरी खाणीवरून शिकण्यासारखी एक गोष्ट आहे. ट्रकमालकांची संघटना दर ठरवायला बसायची तेव्हा डिझेलचा भाव पहिल्यांदा टेबलावर यायचा. अमुक भावाला अमुक दर, भाव वाढला की दर वाढणार. आपण सुटे गाडीवाले हे विसरतो. तुझं नेहमीचं भाडं देणारा जो कोणी आहे, त्याच्याशी हेच कर. जाऊन-येऊन हजार किलोमीटरच्या फेरीला तुला २५० लिटर लागतात, म्हणजे डिझेल एक रुपयाने हललं की फेरीमागे २५० रुपये. इतकं सोपं ठेव. आजचा भाव आणि आजचं भाडं एका कागदावर, दोघांच्या सह्या. एक पंप ठरवायचा आणि दर महिन्याच्या एक आणि सोळा तारखेचा भाव धरायचा. आणि उतरलं तर मीही उतरवणार, हे आपणहून म्हणायचं. त्याने समोरचा खुलतो. माझ्या एका गिऱ्हाइकाने याच एका वाक्यावर होकार दिला.

भाव कधी कसा हलतो याचं भविष्य सांगत बसू नकोस. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेल सरकारी नियंत्रणातून सुटलं, जून २०१७ पासून भाव रोज बदलायची पद्धत आली. तरीही मे २०२२ च्या उत्पादन शुल्क कपातीनंतर जवळजवळ दोन वर्षं बोर्ड हललाच नाही, आणि मार्च २०२४ मध्ये दोन रुपये उतरले. म्हणजे रोज बदलणारा भाव दोन वर्षं बदलला नाही. यातून मी एवढंच शिकलो की अंदाजावर भाडं ठरवायचं नाही. शिवाय डिझेल जीएसटीत नाही, केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट असा दुहेरी कर आहे, त्यातलं काही आपल्याला परत मिळत नाही.

कुठे भरायचं याचा मात्र विचार कर. महाराष्ट्रात शिरण्याआधी पत्रादेवीच्या पंपांवर सिंधुदुर्गच्या गाड्यांची रांग का असते ते तुला माहीत आहे. ३०० लिटरची टाकी आणि लिटरला तीन रुपयांचा फरक असेल तर नऊशे रुपये, एका रात्रीचं जेवण आणि वर काही. कर्नाटकाच्या बाजूला हे उलटसुलट होत आलंय. तिथल्या सरकारने जून २०२४ मध्ये कर वाढवला आणि डिझेल सुमारे तीन रुपयांनी चढलं. म्हणून मोलेवरून अनमोड चढण्याआधी दोन्हीकडचे भाव फोनवर बघ आणि मग ठरव. फक्त स्वस्त डिझेलसाठी वाट वाकडी करू नकोस. दहा किलोमीटरच्या वळशाचे चालत्या खर्चाने तीनशेच्या वर जातात.

आता अ‍ॅव्हरेज. हा विषय सगळ्यांना आवडतो, म्हणून मी तो शेवटाकडे ठेवला. टाकी गळ्यापर्यंत भरायची, किलोमीटर लिहायचे, पुढच्या वेळी परत गळ्यापर्यंत भरायची आणि मधल्या किलोमीटरना तेव्हा भरलेल्या लिटरांनी भागायचं. फुल टू फुल. अर्धी टाकी पाहून काढलेलं अ‍ॅव्हरेज म्हणजे गप्पा. चाराचं साडेचार झालं तर सहा हजार किलोमीटरला दीडशेहून जास्त लिटर वाचतात, तेरा ते पंधरा हजार रुपये महिन्याला. डिझेल नव्वदचं ऐंशी झाल्यासारखंच ते.

साडेचार कसं होतं? टायरात हवा, पंधरा दिवसांनी, गाडी थंड असताना. एअर फिल्टर, विशेषतः खाणपट्ट्यातल्या धुळीतून जातोस म्हणून. वेग पंचावन्न-साठ, सत्तरने गेलास की तासभर लवकर पोचतोस आणि गेटवर तोच तासभर उभा राहतोस. रांगेत इंजिन बंद. आणि घाट. चोर्ला, अनमोड, आंबोली उतरताना बरेच ड्रायव्हर न्यूट्रल करतात, वाटतं डिझेल वाचतंय. नव्या इंजिनात गिअरमध्ये असताना पाय काढला की डिझेल जवळजवळ बंद होतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. म्हणजे न्यूट्रलने वाचत काही नाही, वर ब्रेक तापतात. अनमोडच्या दरीत पडलेल्या गाड्या मी पाहिल्यात, त्यात एक माझ्या शेजाऱ्याची होती. बदली ड्रायव्हर ठेवलास तर वाचलेल्या डिझेलच्या पैशांत त्याला अर्धा वाटा दे. ओरडून काही होत नाही, वाटा दिला की चोरीही कमी होते.

टायर: पुढची जोडी नेहमी नवी, मागे चांगल्या ठिकाणी रिट्रेड केलेले (जुन्यावर नवा रबर चढवलेले) चालतात. पुढे रिट्रेड लावणारा स्वतःच्या जिवाशी जुगार खेळतो.

ओव्हरलोडचा मोह मंदीत वाढतो, कारण ट्रान्सपोर्टर म्हणतो "तीन टन जास्त घाल, हजार जास्त देतो." २०१८ मध्ये तीन अ‍ॅक्सलच्या गाडीची मालासकट एकूण वजनाची मर्यादा २५ टनांवरून २८.५ टन केली, तेवढं घे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात ओव्हरलोडला २०,००० दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० आहे. तीन टनांना सव्वीस हजार, हजारासाठी. शिवाय टायर, स्प्रिंगचे पाटे आणि अ‍ॅव्हरेज. विम्याच्या वेळी तोंड दाखवायला जागा राहत नाही ते वेगळं.

रो-रो गाडी तू वापरलीस का? कोकण रेल्वे १९९९ पासून भरलेले ट्रक वॅगनवर चढवून कोलाड आणि वेर्ण्याच्या मध्ये नेते, पुढे सुरतकलपर्यंतही. मुंबईकडचा माल असेल आणि पावसाने महामार्गाचे हाल केले असतील, तर हिशेब करून बघ. रस्त्याने गेलास तर चारशेच्या वर किलोमीटरला साडेएकतीसने काय लागतं, आणि रेल्वेचं भाडं अधिक रेकची वाट बघण्याचे दिवस किती. वाट बघण्याचा दिवस तीन हजार एकशेपन्नासचा, हे लक्षात ठेव. कधी रेल्वे जिंकते, कधी रस्ता.

आता उधारी, जिथे मी स्वतः सगळ्यात मोठा मूर्खपणा केला. कोविडनंतर एका मोठ्या कंपनीचं काम धरलं होतं. नाव घेत नाही. मालाची पोच दिल्यावर साठ दिवसांनी पैसे. साठचे नव्वद झाले, नव्वदचे एकशेवीस. माझे एक लाख ऐंशी हजार तिकडे आणि इथे मी पंपावर उधारी करतोय. म्हणजे त्या कंपनीला मी बिनव्याजी कर्ज देत होतो, तेही पंपवाल्याकडून घेऊन.

तू उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, कर. फुकट आहे, आधार आणि पॅनवर घरबसल्या होते. वाहतूक हा सेवा व्यवसाय धरला जातो, तू त्यात सूक्ष्म उद्योग म्हणून येतोस. मग कायद्याने लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. नुसत्या कायद्याला कोण विचारतो, असं म्हणशील. पण एप्रिल २०२४ पासून मोठ्या कंपनीच्या अकाउंटंटला याची भीती आहे. या मुदतीत दिले नाहीत आणि वर्षअखेरपर्यंतही राहिले, तर ती रक्कम त्यांना त्या वर्षाच्या खर्चात धरता येत नाही, तिच्यावर आयकर भरावा लागतो. म्हणून बिलावर उद्यम नंबर ठळक छाप. मी छापतो. भांडण न करता फोन यायला लागले. मात्र मधल्या दलालाकडून काम घेत असशील तर पैसे देणारा तोच, त्याच्याकडे कंपनीचं नाव पुढे करून उपयोग नाही. दलालाकडून निदान डिझेल-टोलचे पैसे अ‍ॅडव्हान्स, बाकी पोच दाखवली की सात दिवसांत. न देणाऱ्याला तिसरी फेरी नाही. दोनदा चुकायला जागा दे, तिसऱ्यांदा चूक तुझी.

कागदाच्या दोन गोष्टी पटकन. दहापर्यंत गाड्या असणाऱ्याने पॅनसह लेखी दिलं तर भाड्यातून टीडीएस कापायची गरज नसते, तरी काही कापतात, विचार. आणि आयकरात ४४एई म्हणून ओळखली जाणारी सोय आहे: जड गाडीला टनामागे महिना हजार रुपये उत्पन्न धरून विवरण भरता येतं. तुझ्या साडेअठ्ठावीस टनाला वर्षाचे ३,४२,०००. विवरण दर वर्षी भर, कर बसत नसला तरी, कारण पुढच्या वेळी बँक तेच मागणार.

आणि बँकेवरून हप्त्याकडे येतो. तीन महिने, म्हणजे ९० दिवस, हप्ता थकला की खातं थकीत कर्जात जातं, मग बोलायला कोणी नसतं. पहिला हप्ता हुकण्याची चाहूल लागली की त्याच आठवड्यात शाखेत जा, वही घेऊन. हप्ता ४८ चा ३६ करून मुदत दीड-दोन वर्षं वाढवता येते का, पावसाळ्यात कमी आणि नोव्हेंबर-मे जास्त असं बसवता येतं का, हे विचार. व्याज जास्त पडेल, हे खरं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये सहा महिन्यांची हप्ता-सवलत मिळाली तेव्हाही व्याज चालूच होतं, आणि ती घेतलेले अनेक जण नंतर दचकले. पण तुझ्या वहीत ८२ चे ७० हजार होतात, म्हणजे चार हजार किलोमीटरला तीन रुपयांनी खर्च उतरतो. खासगी फायनान्सवाल्याकडून वरचं कर्ज घेऊन जुना हप्ता भरणं मात्र नको. ती वाट मी चाललोय. गाडीसकट शेवट होतो.

विकण्याबद्दल. मंदीत विकणं वाईट, कारण तुझ्यासारखे सगळे तेव्हाच विकतात. शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या ट्रकवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाल्याने नवी गाडी स्वस्त झाली, तेवढी जुनीची किंमत दबलेली. मी एकच कसोटी लावतो: चालता खर्च निघतोय का? म्हणजे भाड्यातून डिझेल, टायर, मेस्त, टोल वजा जाता काही उरतंय का? उरत असेल तर गाडी चालवणं उभी ठेवण्यापेक्षा बरं, पूर्ण हप्ता निघत नसला तरी. उरत नसेल आणि सलग तीन महिने उरलं नसेल, तर वाट बघण्यात अर्थ नाही. गाडी चालू, फिटनेस ताजं, टायर बरे असतानाच विक, आंब्याखाली उभी करून नको.

तुझ्या गावात तुझ्यासारखे तीन-चार जण असतील. एकमेकांशी भाड्यासाठी कापाकापी करण्याऐवजी निदान माल वाटून घ्या. एकाची गाडी बिघडली तर दुसऱ्याने फेरी मारायची, गिऱ्हाईक पहिल्याचंच राहणार, हा शब्द पाळायचा. आम्ही पाच जण हे गेली काही वर्षं करतोय. त्यातला एक जण शब्दाला कच्चा निघाला, त्याला सोडला, आता चार आहोत. टायरही एकदम घेतो, सहा जोड घेतले की दुकानदार बोलतो.

सध्या असं कर. येत्या तीन महिन्यांत रोजचे किलोमीटर, त्यातले रिकामे किती, फुल टू फुलने भरलेलं डिझेल, उभे राहिलेले दिवस आणि येणं बाकी असलेली रक्कम, एवढंच लिही. उद्यम नोंदणी याच आठवड्यात, बँकेत पुढच्या. चवथीआधी ते आकडे मला पाठव. टिपरचं कोटेशन घेतलं असशील तर तेही पाठव, पण सही करू नकोस.